सामूकाका

गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, नाशिकच्या सोसायटीत भर दुपारी गच्चीचं दार उघडं दिसलं तर खुशाल समजावं, सामूकाका वर आहेत. एचएएल, मायको किंवा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेली ही जमात. जन्मभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस, पण कुंडीपुढे उकिडवा बसला की सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. ‘मूठभर’, ‘चिमूटभर’ आणि ‘टाका हो, सेंद्रियच आहे’ ही त्यांची तीन मापं. मातीचा सामू, म्हणजे पीएच, हा त्यांचा ध्यास. म्हणून हे नाव, अर्थात पाठीमागे. समोर सगळे ‘काका’च म्हणतात.

काकांचं निदान कच्चं नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. शेंड्याचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र. जुनीच पानं, पण शिरांच्या मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. कडा करपल्या, तर पालाश. हे सारं ते जिना उतरता उतरता न अडखळता म्हणून दाखवतात. घोडं पेंड खातं ते उपचारापाशी.

लोह कमी म्हणून काका लिंबाच्या बुडाशी गंजके खिळे पुरतात. आता नाशिकच्या काळ्या मातीत लोहाला तोटा नाही. ती बेसाल्ट खडकाचीच झीज. पण तीत चुनखडी भरपूर आणि सामू बहुधा आठच्या आसपास. सामू एका अंकाने चढला की पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजारपटीने घटतं. म्हणजे माल गोदामात आहे, किल्ली हरवली आहे, आणि काका गोदामात आणखी माल भरताहेत.

त्यावर कडी म्हणजे राख. चुलीची, बंबाची, होळीची, मिळेल ती राख काका झाडांना घालतात. राख सामू वाढवते. सोबत अंड्याची टरफलं आणि खायच्या चुन्याची निवळी. टोमॅटोचं बूड काळं पडलं की ‘कॅल्शियम!’ असं ओरडून निवळी ओततात. टोमॅटोला कॅल्शियम पोचलं नाही हे खरं, पण ते मातीत नव्हतं म्हणून नव्हे. काका मुलीकडे पुण्याला गेले, कुंड्या सुकल्या, आणि परत आल्यावर त्यांनी एकदम बादली ओतली, म्हणून. ज्या व्हिडिओंवरून ही औषधं आली ते बहुतेक पावसाने चुना धुऊन नेलेल्या, आंबट मातीच्या मुलखातले. तिथे चुना म्हणजे अमृत. मोगलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटलं, पण काकांचा गुलाब काही ते मान्य करायला तयार नाही.

काकांकडे मीटरही आहे. बॅटरी नाही, दोन सळया मातीत खुपसायच्या. काटा कायम सातवर. मातीत सात, राखेत सात. काका समाधानी.

गच्चीच्या कोपऱ्यात जीवामृताचा ड्रम असतो. सुभाष पाळेकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून काकांचा आवाज अधिकच चढला आहे. कृती त्यांना तोंडपाठ: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. ती 200 लिटरची कृती ते शंभर कुंड्यांसाठी करतात आणि उरलेलं सोसायटीच्या हिरवळीवर सोडतात. मग सेक्रेटरींची नोटीस येते. नोटिशीत फक्त वासाचा उल्लेख असतो.

काकांना गप्प करू शकणारा एकच माणूस आहे, त्यांचा पिंपळगाव बसवंतचा साडू. द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकली की तो आंबे घेऊन येतो. दरवर्षी माती आणि पाणी तपासतो, बाग फुलोऱ्यात असताना पानांचे देठही प्रयोगशाळेत पाठवतो, कारण तिथे अंदाज चुकला तर कर्ज डोक्यावर बसतं. गच्चीवर त्याने एक फेरी मारली, कुंड्यांच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि विचारलं, “साडूभाऊ, पाणी कुठलं?”

“बोअरचं. का?”

“मग मातीला कशाला शिव्या देता?”

बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा चुना कुंडीत साठवत होते. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नमुना घ्यायला निघाले. माणूस शेवटी कारखान्यातला. एकदा पद्धत समजली की चोख. आठ-दहा कुंड्यांतली माती, वरचा पालापाचोळा बाजूला सारून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं अर्धा किलोपर्यंत. पिशवी कापडी, खताची नाही.

अहवालात सामू 8.3. काकांनी तो लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावला आणि त्याच दिवशी गंधकपंथाची दीक्षा घेतली. आता कोणाचंही पान पिवळं दिसलं की ‘गंधक’. खरं तर एक किलो गंधकाने जेमतेम तीन किलो चुना संपतो, आणि तेही मातीतल्या जिवाणूंनी महिनोन्‌महिने राबून. वीस किलोच्या कुंडीत पाच टक्के चुनखडी असली तर पाव किलोहून जास्त गंधक लागेल. त्यापेक्षा अर्धी माती बदलून मुरलेलं कंपोस्ट घालणं आणि पावसाचं पाणी साठवणं सोपं. पण सोप्या उपायाने व्याख्यान देता येत नाही.

हल्ली काकांच्या खिशात व्हिनेगरची बाटली असते. दिसेल त्या कुंडीतली चिमूटभर माती घेऊन थेंब टाकायचे आणि कान लावायचा. फसफसलं की चुना. पहिल्या मजल्यावर फसफसलं, दुसऱ्या मजल्यावर फसफसलं, जोशीबाईंच्या तुळशीत तर भलतंच फसफसलं. वॉचमनच्या केबिनपाशी तेलाच्या डब्यात मिरची लावलेली. पानं गर्द हिरवी. तिथे थेंब पडले आणि काहीच झालं नाही. काकांनी दुसरी बाटली काढली. तरी शांतता.

“माती कुठली रे?”

“गावची, पेठची. तांबडी हाय. पाऊस लई, सगळं धुऊन जातं.”

“आणि घालतोस काय?”

“राख, काका. आम्ही तिकडं नागलीच्या रोपाला राब भाजतोच की.”

काकांनी डायरी काढली, ‘राख’ या खोडलेल्या शब्दापुढे ‘पेठला चालते’ असं लिहिलं आणि वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला. “दिवाळीला जाशील ना गावी? येताना दोन गोणी घेऊन ये. भाडं मी देतो. सेक्रेटरीला बोलू नकोस.”