श्री. नो-रिप्लाय यांस

श्री. नो-रिप्लाय साहेब,
मुक्काम ईमेल, विलायत.

स. न. वि. वि.

पत्र उघडंच लिहितो आहे, कारण तुमच्या प्रत्येक मेलच्या तळाला 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' अशी ताकीद असते. पोस्टात नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट जरा लागते. आमच्याकडे ज्या पत्राचा धनी सापडत नाही, तेसुद्धा आर.एल.ओ.त, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. तिथे ते उघडतात, पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतात आणि परत करतात. नुसतं धाडायचं, घ्यायचं काहीच नाही, असा कारभार साहेबाच्या राज्यातही नव्हता.

ओळख करून देतो. मी पोलादपूरचा. माझा पुतण्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून केमिकल इंजिनीअर झाला, महाडच्या एमआयडीसीत शिफ्टा केल्या आणि मग तुमच्या देशात एमएस्सीला आला. आता तिथेच नोकरीसाठी अर्ज करतो आहे. जाताना जुना फोन घरी ठेवून गेला. त्यात त्याची मेल उघडीच राहिली आहे. (हे त्याला अजून माहीत नाही. तुम्ही कळवाल अशी भीती नाहीच.) त्यामुळे तुमचं प्रत्येक पत्र आधी पोलादपुरात वाजतं. वहिनी चुलीपुढून विचारतात, "भावोजी, आलं का काही?" मी वाचतो : आपली गुणवत्ता पाहून आम्ही प्रभावित झालो, तथापि... मी सांगतो, "प्रभावित झालेत, वहिनी." तथापिच्या पुढचं माझ्याकडेच राहतं.

परवा तर कमाल केलीत. 'अर्ज मिळाला' आणि 'अर्ज नाकारला' या दोन मेली एकापाठोपाठ आल्या, मधे चहाला उकळीही फुटली नव्हती. एवढ्या वेळात दोन पानी सीव्ही कुणी माणूस वाचत नाही. पण फॉर्ममधली एक खूण तपासायला यंत्राला तेवढा वेळ खूप झाला. 'तुम्हाला आता किंवा पुढे व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?' पोराने 'हो' म्हटलं. खरं बोलला, संपलं.

मी आता रिकामाच आहे, म्हणून तुमचे नियम वाचून काढले. शिक्षण झालं की ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ. व्हिसाची मुदत संपायच्या आत परवानाधारक मालकाने स्पॉन्सर केलं पाहिजे. त्यासाठी जुलै २०२५पासून पगार साधारणपणे ४१,७०० पौंड हवा, नुकत्याच शिकून निघालेल्याला ३३,४०० चालतो. वर मालकाला सरकारदरबारी वेगळा कर भरावा लागतो. परवानाधारक मालकांची होम ऑफिसची यादी मात्र कुणालाही पाहता येते. मी ती उघडली. लाखाच्या वर नावं आहेत. आता पुतण्याला मीच फोनवर सांगतो, आधी यादीत नाव बघ, मग अर्ज कर. परवाना आहे म्हणजे स्पॉन्सर करतीलच असं नाही, हेही त्या यादीनेच शिकवलं.

नियमांवर माझा राग नाही. आपल्या दाराला कडी किती लावायची हे ज्याचं तो ठरवतो. माझं भांडण एवढंच आहे, की स्पॉन्सरशिपचा हा प्रश्न विद्यापीठाची फी घेण्याआधी का विचारत नाही? पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना बँकेने आमची शेतजमीन तारण चालत नाही म्हणून सांगितलं. धाकट्या भावाचा महाडमधला फ्लॅट लावला, तर व्हॅल्युअरने २०२१च्या पुरात सावित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं ते जिन्यात उभं राहून विचारलं. बँकेने पाण्याची पातळी बघितली. विद्यापीठाने फक्त बँकेतली शिल्लक बघितली. पनवेलच्या सल्लागाराने तर सल्ला फुकट दिला. विद्यापीठं अशा सल्लागारांना दर प्रवेशामागे कमिशन देतात, हे आम्हाला नंतर समजलं. त्याच्या भिंतीवर लंडनच्या घड्याळाचा मोठा फोटो होता. पोराच्या व्हिसाचं घड्याळही चालू होणार आहे, हे त्याने सांगितलं नाही.

आमच्याकडची आखाती माणसं याबाबतीत हुशार. महाड-म्हसळ्याकडून पिढ्यान्‌पिढ्या कुवेत-सौदीला गेलेले लोक आधी नोकरी आणि व्हिसा हातात घेतात, मग विमानात बसतात. तिथला कफील पासपोर्ट दाबून बसायचा, ते पाप आहेच. पण तिथे निदान कामाला बोलावून मग छळायचे. तुमच्याकडे आधी पैसे भरून या, मग काम हुडका, आणि ते नाही मिळालं तर ती तुमची लायकी.

दुसरा दाखला मी महाडचा देतो, पण जपून, कारण त्या माणसाची बरोबरी कुणाशी करायची नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. करार असा, की परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. १९१७ला आले, हुद्दा मिळाला, पण जातीपायी राहायला खोली मिळेना. पुढे १९२७ला महाडला चवदार तळ्यावर काय झालं ते इथे पोरासोरांना पाठ आहे. सांगायचं इतकंच, की त्या करारात शिकवणारा आणि नोकरी देणारा एकच होता, आणि अट आधी सांगितलेली होती. आता पैसे आम्ही देतो आणि अट तुम्ही शेवटी काढता.

तुमची आणखी एक मेल मला फार आवडली. 'आपला सीव्ही आम्ही टॅलेंट पूलमध्ये ठेवत आहोत.' माझे वडील परळच्या गिरणीत बदलीवाले होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. तोही टॅलेंट पूलच, फक्त उभं राहून असायचा. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायची जागा होती आणि गिरणीत शब्द टाकायला ओळखीचा जॉबर होता. तो जॉबर पैसे खायचा, हे मी लपवत नाही. पण नाही म्हणायचं झालं तर तोंडावर म्हणायचा. पुतण्या म्हणतो, इथेही आता रेफरल लागतं, आत असलेल्या कुणीतरी नाव सुचवलं तरच माणूस सीव्ही वाचतो. म्हणजे जॉबर गेला नाही, साहेब. लिंक्डइनवर बसला.

मागणी फार नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर, फी भरायच्या बटणाच्या वर, स्पॉन्सरशिपचा तोच प्रश्न तुमच्या बाजूने लिहा : 'या शिक्षणानंतर तुम्हाला स्पॉन्सर करायला इथल्या किती कंपन्या तयार आहेत, ते आम्हाला माहीत नाही.' तेवढं वाचून ज्याला यायचं तो येईल. आमचाही कदाचित आलाच असता.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
पुतण्याचा काका, पोलादपूर

ता. क. पत्र संपवतो तोच फोन वाजला. तुमचीच मेल. 'अर्जप्रक्रियेचा अनुभव कसा वाटला? मित्रपरिवारात आमची शिफारस कराल का? ० ते १०मध्ये सांगा.' शिफारस करायला आमची ना नाही. पण आमच्याकडे आधी ओळख विचारतात. तेव्हा कळवा, तुमचं गाव कुठलं, आणि तुम्ही कुणापैकी?