मुदत कालच संपली

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात दर सोमवारी एक पत्रक निघते. नाव भारदस्त आहे: 'साप्ताहिक वृत्त व संधी'. सोमवारी ते टाइप होते, मंगळवारी सहीसाठी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जाते, बुधवारी 'आदरणीय'चे 'मा.' होऊन बाहेर येते आणि गुरुवारी शिपाई मामा नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली शोधून काढतात. त्यामुळे पत्रकातल्या बहुतेक संधींची मुदत बुधवारी संध्याकाळी पाच वाजता संपलेली असते.

याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पीएच.डी.च्या मुलांना सगळे आधीच कॅन्टीनमध्ये कळलेले असते आणि प्राध्यापक मंडळी फक्त आपले नाव बरोबर छापले आहे ना, एवढेच पाहून पुढे जातात. पत्रक मन लावून वाचतात ती एम.एस्सी. पार्ट वनची मुले. काही जण तर वहीत उतरवूनही घेतात. दिवाळीनंतर तीही वाचेनाशी होतात.

पत्रक काढण्याची जबाबदारी विभागात सर्वांत उशिरा रुजू झालेल्या प्राध्यापकावर असते. नॅक मूल्यांकनाच्या फायली, विज्ञान दिनाचे सूत्रसंचालन आणि हे पत्रक, या तीन कामांचे वाटप करताना ज्येष्ठता यादी खालून वाचायची, असा अलिखित नियम आहे. नवा माणूस उत्साहाने पहिल्या अंकात चौकटी टाकतो, रंग भरतो, कोपऱ्यात बेंझिनचे षटकोन काढतो. चौथ्या अंकापासून मागच्या आठवड्याची फाइल उघडून तारखा बदलल्या जातात. एकदा तारखाही बदलायच्या राहिल्या, तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नाही.

'वृत्त' या सदरात अमक्या सरांचा शोधनिबंध तमक्या नियतकालिकात आल्याचे छापलेले असते आणि पुढे न चुकता इम्पॅक्ट फॅक्टर. तो आकडा पूर्वी तीन दशांश स्थळांपर्यंत मिळायचा. शेजारच्या केबिनपेक्षा आपण ०.०१२ ने पुढे आहोत, या जाणिवेवर माणसाचा एखादा आठवडा बरा जात असे. २०२३ पासून तो आकडा काढणाऱ्या क्लॅरिव्हेटने एकाच दशांश स्थळावर थांबायचे ठरवले आणि कित्येक जुनी वैरे एका रात्रीत बरोबरीत सुटली. काही जणांना हे अजून पचलेले नाही.

पण विभागाचा आठवडा या छापील वृत्तांवर चालत नाही. तो जिन्यावर, कोणाच्या तरी तोंडून सुटणाऱ्या तीन शब्दांवर चालतो: एनएमआर बंद आहे.

रसायनशास्त्राबाहेरच्या माणसाला या वाक्याचे गांभीर्य कळायचे नाही. मुलाने तीन आठवडे खपून एक पांढरी पावडर केलेली असते. ती नेमके काय आहे हे सांगणारे यंत्र म्हणजे एनएमआर. त्याच्या पोटात अतिवाहक तारेचे वेटोळे असते आणि ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागते. हेलियम उडून जाऊ नये म्हणून बाहेरून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे कवच. हा नायट्रोजन साधारण आठवड्याला भरावा लागतो. विभागात शब्दशः साप्ताहिक म्हणावी अशी ही एकच घटना आणि तिचा पत्रकात कधी उल्लेख नसतो. सिलिंडरवाल्याची गाडी आली की कॉरिडॉरमध्ये पांढरा धूर सांडतो, पार्ट वनची मुले मोबाइल काढतात आणि कोणीतरी केळे आणायला कॅन्टीनकडे धावतो. नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या केळ्याने खिळा ठोकून दाखवणे हे दर वर्षी नव्या माणसाला स्वतःला सुचलेले असते.

हेलियमचे दुखणे वेगळे. तो काही महिन्यांनी लागतो, महाग पडतो आणि भारताला जवळपास सगळा बाहेरून आणावा लागतो. आता गंमत पाहा. या मूलद्रव्याची पहिली खूण माणसाला दिसली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, आणि त्या ग्रहणाची सावली आपल्याच कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडत गुंटूरकडे गेली. गुंटूरला दुर्बीण लावून बसलेल्या फ्रेंच झान्सेनने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्ग किल्ल्यावर आजही 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला असे छातीठोकपणे सांगतात. ज्या लॉकियरसाहेबाचे नाव त्यासाठी घेतले जाते तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता, पण विजयदुर्गावर उभे राहून हे बोलायची कोणाची छाती होत नाही. तर, ज्याचा पत्ता आपल्या आभाळात लागला तो वायू आपल्या विभागात यायला टेंडर काढावे लागते आणि टेंडरला तीन कोटेशन्स लागतात. हेलियम मात्र तोवर वाट पाहत नाही.

यंत्र सुरू असले तरी सुख नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या नळीत पेन्सिलच्या टोकाएवढे सॅम्पल, त्यावर अर्धा मिली डॉयटेरिअमवाले क्लोरोफॉर्म. ते इतके महाग, की गाइड कपाटाला कुलूप लावून थेंबांचा हिशेब ठेवतात. चिठ्ठीवर नाव, कोड, लॅब नंबर लिहून नळी स्टँडवर ठेवायची आणि ऑपरेटर साहेबांची मर्जी सांभाळायची. संध्याकाळी स्पेक्ट्रम हातात येतो आणि ७.२६ वर एक देखणे शिखर दिसते. पहिल्या वर्षाचा मुलगा हरखून गाइडकडे पळतो. ते शिखर क्लोरोफॉर्मचे, १.५६ चे पाण्याचे, १.२६ चे नळकांड्याला लावलेल्या ग्रीसचे आणि आपल्या संयुगाचे म्हणावे असे कागदावर काहीच नाही, हे ज्या दिवशी त्याला समजते, त्या दिवसापासून सीनियर मंडळी त्याला चहाला बोलवू लागतात.

गुरुवारी साडेतीनला व्याख्यान. विषयाचे शीर्षक तीन ओळींचे असते आणि त्यात 'नॉव्हेल' हा शब्द निदान एकदा येतो. उपस्थिती विषयावर अवलंबून नसते. पत्रकात 'चहापान' लिहिले असेल तर मागच्या चार रांगा रिकाम्या राहतात, 'अल्पोपहार' लिहिले तर खिडकीत माणसे बसतात. पहिल्या स्लाइडला डुलकी लागलेले ज्येष्ठ सर शेवटच्या स्लाइडला जागे होतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे यील्ड आयसोलेटेड आहे, की एनएमआरवरून काढलेलं?" गेली वीस वर्षे ते हाच प्रश्न विचारत आहेत आणि गेली वीस वर्षे व्याख्याता समोरच्या बाटलीतले पाणी पितो आहे.

आता 'संधी'.

या सदराचा मानबिंदू म्हणजे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. १२० प्रश्न, त्यांतले ७५ सोडवायचे, २०० गुण, तीन तास. शेवटच्या भागात ६० प्रश्नांमधून २५ निवडायचे आणि प्रत्येकाला चार गुण, म्हणजे काय येत नाही हे ओळखण्यातच अर्धी परीक्षा संपते. ती वर्षातून दोनदा असते, जूनची आणि डिसेंबरची. २०२४ च्या डिसेंबरची परीक्षा २०२५ च्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन राष्ट्रीय विज्ञान दिनी सुरू झाली. जून २०२५ ची २८ जुलैला झाली. घरी आई विचारते, "डिसेंबरचा पेपर कसा गेला रे?" मुलगा मार्चमध्ये उत्तर देतो, "बरा गेला." दोघेही खरे बोलत असतात.

तीतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडे नियमानुसार. फेलोशिप पाच वर्षे चालते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत. सहाव्या वर्षी संशोधकाने काय खायचे, याबाबत दोन्ही कागद मौन पाळतात.

त्याखालोखाल प्रोजेक्ट असिस्टंटची जाहिरात. जागा एक. मुदत सहा महिने किंवा प्रकल्प संपेपर्यंत, यांतील जे आधी होईल ते. पात्रता एम.एस्सी. प्रथम श्रेणी, नेट किंवा गेट, संशोधनाचा अनुभव. नियुक्ती तात्पुरती, कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही, मुलाखतीसाठी प्रवासखर्च मिळणार नाही. हे वाचूनही मुलाखतीच्या दिवशी जिन्यापर्यंत रांग असते. लातूरहून रात्रीच्या एसटीने आलेला मुलगा रेक्झिनची फाइल मांडीवर घेऊन बसतो आणि शेजारच्या जळगावच्या मुलीला हळूच विचारतो, "आत कोणी आधीच ठरलंय का?"

कारखान्यांच्या वॉक-इन मुलाखती पत्रकात येत नाहीत. त्या मित्राच्या मित्राकडून कळतात. कुरकुंभ, लोटे परशुराम, महाड, तारापूर. दोन वर्षे ज्याने श्रोडिंगरचे समीकरण सोडवले त्याला तिथे विचारतात, "एचपीएलसीवर हात बसलाय का?" दुसरा प्रश्न, "नाइट शिफ्ट चालेल ना?" विभागात शंभर मिलीच्या गोल बुडाच्या चंबूपलीकडचे भांडे न पाहिलेला मुलगा पहिल्या दिवशी पाच हजार लिटरच्या रिॲक्टरपुढे उभा राहतो, आणि ढवळायची काचेची कांडी कुठे असेल, हा विचार त्याच्या मनात क्षणभर तरळून जातो.

संधी आणि अटी यांची सोयरीक मात्र जुनी आहे. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. वडील आणि काका, दोघेही तिथेच शिकलेले रसायनतज्ज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या बोलीने घेतले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदापर्यंत पोचल्या. लेखिका दुर्गा भागवतांच्या या धाकट्या बहिणीचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, असे सांगतात. आजच्या विभागात चाळीस पाने आभार, प्रमाणपत्रे, प्रतिज्ञापत्र आणि वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल यांनाच लागतात. रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरे आणि दाराला टेकू म्हणून ठेवता येईल असे वजन नसेल तर प्रबंध बाहेरच्या परीक्षकाच्या हातात द्यायला गाइडला संकोच वाटतो.

वर्षातून एक आठवडा असा येतो, की पत्रकाला खरोखरच वृत्त सापडते. ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा बुधवार, दुपारी सव्वातीनचा सुमार. ८ ऑक्टोबर २०२५ ला सेमिनार हॉलमध्ये पडदा लावून सगळा विभाग स्टॉकहोमकडे डोळे लावून बसला होता. पैजा लागल्या होत्या. पारितोषिक मिळाले सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना, मॉफ नावाच्या पदार्थांसाठी. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांची जोडणी करून उभारलेल्या या जाळ्या आतून इतक्या पोकळ असतात, की त्यांतल्या मॉफ-५ या प्रकाराच्या दोनएक ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढे पृष्ठफळ मावते. याघींनी तर अशाच पदार्थाच्या मदतीने ॲरिझोनाच्या वाळवंटी हवेतून पाणी काढून दाखवले. ज्येष्ठ सर म्हणाले, "मी मागेच म्हटलं होतं." कधी आणि कोणाला, हे त्यांनी सांगितले नाही.

पण विभागाचा जीव अडकला तो रॉब्सन यांच्या गोष्टीत. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात शिकवताना त्यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची रेणूप्रतिकृती करायचे काम आले. गोळ्यांना भोके कुठे पाडायची ते त्यांनी आखून वर्कशॉपला दिले. दांड्या जोडून पाहताना लक्षात आले, की भोकांच्या जागांमध्येच अख्ख्या रेणूचा आकार दडलेला आहे. मग खऱ्या अणूंकडून असेच बांधकाम का करून घेऊ नये? दर वर्षी वर्गासाठी गोळे बाहेर काढले, की हा विचार परत यायचा. हात घालायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला, महत्त्वाचा निबंध १९८९ मध्ये आला आणि नोबेल ८८ व्या वर्षी.

हे ऐकताच विभागप्रमुखांना आठवले, की आपल्याकडेही दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात अशाच लाकडी गोळ्यांची पेटी होती. मंडळी जिना चढली. कपाट उघडले तर आत नॅकच्या मागच्या फेरीच्या फायली. मामांनी खुलासा केला, की साहेब, मागच्या साठा पडताळणीत ती पेटी निकामी दाखवून राइट ऑफ केली. भंगारवाल्याने लाकूड म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा गोळे मामांनीच नातवाला खेळायला नेले होते. विभागप्रमुख दोन मिनिटे काहीच बोलले नाहीत. पुढच्या पत्रकात, नोबेलच्या वृत्ताच्या लगेच खाली, संधी या सदरात एक ओळ छापून आली: विभागासाठी भोके पाडलेले लाकडी गोळे, नग ५००, पुरवू इच्छिणाऱ्या सुतारांनी जीएसटी क्रमांकासह सीलबंद दरपत्रके बुधवारी पाचपर्यंत सादर करावीत.