नावाला रिवर्क नाही

आमच्या पिंपरी-चिंचवडात पोर जन्माला आलं की पहिल्या दिवशी पेढे, दुसऱ्या दिवशी 'बाळाचं नाव' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि तिसऱ्या दिवशी त्या ग्रुपवर भांडण, असा क्रम ठरलेला आहे. चौथ्या दिवशी कुणीतरी मावशी रुसून ग्रुप सोडते.

मोशीतल्या अशाच एका वन बीएचकेची गोष्ट. बाळाचा बाप चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, आजोबा गावाकडून लातूरहून आलेले, काखेत पंचांग. बाळ जन्मलं हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर, म्हणून अक्षर निघालं 'ण'. आता 'ण'वरून माणसाचं नाव कुठून आणायचं? आजोबांनी धीर दिला, की आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ', तेव्हा आपलं बरंच निभावलं म्हणायचं. मग गुरुजींनी 'ण'च्या जागी 'न' चालवून घेतला आणि आजोबांनी तिथल्या तिथे 'नामदेव' जाहीर केलं.

"अप्पा, शाळेत पोरं चिडवतील हो त्याला. आम्ही 'नियांश' ठरवलंय."

"म्हणजे काय?"

"विष्णूचा अंश."

हल्ली मोबाइलवर कुठलंही नाव टाका, अर्थ एक तर विष्णूचा अंश निघतो, नाही तर सूर्याचा किरण. अप्पा म्हणाले, "मग सरळ विष्णूच ठेवा की! अंशावर कशाला भागवता?"

बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचा मान आत्याचा. त्यामुळे निगडीच्या आत्याबाईंना या आठवड्यात दोन्ही पक्षांकडून एकेक साडी पोचली. त्यांनी दोन्ही ठेवून घेतल्या आणि मत बारशापर्यंत राखून ठेवलं.

गंमत अशी, की याच पट्ट्यात गाड्यांचीही बारशी होतात आणि तिथं वारं उलटं वाहतंय. स्कोडा ही चेक कंपनी. चाकणला गाड्या बांधते आणि नाव ठेवताना संस्कृताकडे वळते: 2021 मध्ये 'कुशाक' आणली, तर 2024 मध्ये लोकांकडून नावं मागवून 'काइलाक' ठरवलं. आकुर्डीच्या बजाजनं 1972 साली स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं, आणि 2019 मध्ये विजेवर चालणारी स्कूटर आली तरी 'चेतक'च ठेवलं. म्हणजे परदेशी कंपनीसुद्धा आमचा शब्दकोश चाळतेय, आणि आम्ही पोरांना अशी नावं शोधतोय की ती शोरूमच्या काचेवर शोभावीत.

बरं, गाडीचं नाव चुकलं तर बदलता येतं. पिंपरीत कारखाना असलेल्या टाटा मोटर्सनं 2015 मध्ये नव्या गाडीचं नाव 'झिका' ठेवलं. नेमकी त्याच सुमारास झिका विषाणूची साथ जगभर गाजली, आणि गाडी बाजारात येण्याआधीच 'टियागो' झाली. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या 'बीई 6ई'वर 2024 मध्ये इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली, कारण '6ई' ही खूण त्यांची. महिंद्रानं शेवटचा 'ई' गाळला आणि 'बीई 6' विकायला काढली. कारखान्याच्या भाषेत याला रिवर्क म्हणतात.

माणसाच्या नावाला रिवर्क परवडत नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग आधार, पॅन, बँक, शाळेचा दाखला. 'नियांश'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाय की आय, ए एक की दोन, यावर आईबापांचंच अजून एकमत नाही, तिथं खिडकीपलीकडच्या बाबूनं काय करावं? त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांना राज्य सरकारनं क्रम लावून दिलाय: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे अर्जावर 'नियांश स्वाती ज्ञानेश्वर' अशी वरात निघेल, आणि आळंदी इथून हाकेच्या अंतरावर आहे हे ज्ञानेश्वरावरून कळेल.

आणि एवढं करून ते नाव वापरणार कोण? कारखान्यात लाइनवर हाक जाते ती आडनावानं, नाही तर जिल्ह्यानं. "ए लातूर, ट्रॉली ओढ!" प्रेस शॉपच्या धडधडाटात विष्णूचा अंश कुणाला ऐकू येतोय?

पण जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनीही फार ताठून बसू नये. मुलीवर मुलगी झाली की 'नकोशी', 'नकुसा' ही नावंही आमच्याच वाडवडिलांनी ठेवली. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. मुलींना स्वतः निवडायची मुभा होती. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. सिनेमातलं, पुराणातलं, शेजारपाजारचं, सगळं त्यांना चाललं. नाव जुनं की नवं, या वादात त्यांना काडीचा रस नव्हता. आपण कुणाला तरी हव्या आहोत, एवढंच त्यांना दाखल्यावर हवं होतं.

तेव्हा निकाल असा: आजीला बोबडं न होता उच्चारता येईल आणि पोराला पहिलीत स्वतः लिहिता येईल, ते नाव चांगलं. मग ते नामदेव असो की नियांश. आजीचा 'नाम्या' आणि आईचा 'नियू' कुठल्याही नावातून निघतातच.

भांडण मिटत नसेल, तरी जन्माची नोंद मात्र 21 दिवसांत करून टाका. नावाचा रकाना कोरा ठेवता येतो आणि पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतो. तेवढ्यात आत्याबाईंना आणखी दोन साड्या मिळतील.