फरशीसपाटीपासून उंची

प्रस्तुत लेखकांना कुणी ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं, की ते क्षणभर घड्याळाकडे पाहतात आणि ‘रेल्वेचं काम’ असं मोघम उत्तर देतात. रेल्वे साडेसहा फूट लांब असून ती बैठकीच्या खोलीत दिवाणामागे आहे, हा तपशील खोदून विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

आणि ती गोलगोल फिरणारी खेळण्यातली गाडी नव्हे! ते अचलपूर स्टेशन आहे. वऱ्हाडातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचं शेवटचं. एक फलाट, एक गोदाम आणि इंजिनाला सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येता यावं म्हणून शेजारी एक लूप. मागे मेळघाटाचे डोंगर, म्हणजे निळसर रंगवलेलं प्लायवूड. गाडी मूर्तिजापूरहून येते, म्हणजे पुस्तकांच्या कपाटामागून. टर्मिनस करण्यात हीच सोय असते, एकच टोक खरं करायचं, उरलेली लाइन कपाटामागे. विलायतेत ही परंपरा जुनी आहे. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री यांनीही अशाच एका फाट्याचं शेवटचं स्टेशन घरी उभारलं होतं. हे पाहुण्यांना आवर्जून सांगितलं जातं. दोघेही लेखक, हे मात्र पाहुण्यांनी आपण होऊन ओळखायचं असतं.

मॉडेलचं प्रमाण 1:87. खऱ्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, भागाकार पावणेनऊ, आणि बाजारात तयार रूळ मिळतात ते 9 मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. उलट इंग्लंडातल्या सर्वांत लोकप्रिय प्रमाणात इंजिन एका मापाने आणि रूळ दुसऱ्याच मापाने करतात, त्यामुळे तिथल्या बैठकींतल्या गाड्या, खऱ्या मापात मोजलं तर, सात इंच अरुंद रुळांवर धावतात. वऱ्हाडाने साहेबाला इथे चीत केलंय, असं लेखकांचं मत आहे आणि ते विचारावं लागत नाही.

काळी माती चहाच्या चोथ्याची. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून आणायचा, कडक उन्हात वाळवायचा, गाळणीने चाळून पसरायचा आणि ड्रॉपरने पातळ फेविकॉल सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब हवाच, नाहीतर गोंद अळवावरच्या पाण्यासारखा वरच थरथरत बसतो. कपाशीच्या शेताला अजून थोडा वेलचीचा वास येतो.

पण खरा विषय वेगाचा. शकुंतला मूर्तिजापूर ते अचलपूर हे 76 किलोमीटर सुमारे चार तासांत जायची. ताशी एकोणीस. हा वेग 87 ने भागला की सेकंदाला सहा सेंटिमीटर उरतात. अख्खी लाइन याच प्रमाणात मांडायची तर पावणेनऊशे मीटर रूळ लागतील. जिना उतरून, सोसायटीचं गेट ओलांडून, थेट पेट्रोल पंपापर्यंत. आणि तरीही गाडीला पंपाशी पोहोचायला तेच चार तास लागतील, कारण घड्याळ काही 87 ने भागता येत नाही! हा मुद्दा लेखक पाहुण्यांना कागदावर करून दाखवतात. तेवढ्यात चहा निवतो. इवलीशी मोटर मुंगीच्या पावलांनी पळवणं हे जोरात पळवण्यापेक्षा कितीतरी अवघड. रुळावर धुळीचा कण आला तरी गाडी जागीच थांबते. पण हे कौतुक ऐकायला कुणी थांबेल तर शपथ. पाहुण्यांची मुलं ‘काका, फास्ट करा ना’ म्हणतात आणि त्यांचे वडील ‘खर्च किती आला?’ विचारतात.

या संथपणाची टिंगल लेखकांना झोंबते. हे रूळ वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडण्यासाठी पडले. इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 चं, आणि ते 1994 पर्यंत राबलं. लाइनची मालकी स्वातंत्र्यानंतरही किलिक-निक्सनच्या खासगी कंपनीकडे राहिली. यावर रकाने भरभरून छापून आलं. गार्डकडून तिकीट घेऊन एसटीपेक्षा स्वस्तात दर्यापूरला, अंजनगावला जाणाऱ्या बाईबद्दल त्या मानाने फार थोडं. कापूस होता तोवर लाइन परवडली, नुसती माणसं उरली तेव्हा परवडेना. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. पुढे होती ती गाडीही थांबली. गाडीसाठी तिथली माणसं आंदोलनं करत आली आहेत, आणि लेखक इथे पंख्याखाली बसून फलाटावर दोन सेंटिमीटरची बाई चिकटवतात. तिच्या हातात पिशवी आहे.

असो. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं दोन मिलिमीटरची आहेत. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या जागी ‘फरशीपासून 84 सें.मी.’ असं लिहिलंय. हा विनोद प्रत्येक पाहुण्याला भिंग देऊन वाचायला लावला जातो.

आता काम गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी अडलंय. मिळतील त्या सगळ्या फोटोंत इंजिनच आहे. कुणा वाचकाकडे अचलपूर स्टेशनचा मागच्या बाजूने काढलेला जुना फोटो असेल तर कृपया संपादकांकडे पाठवावा. फोटोत मामा-मामी उभे असले तरी हरकत नाही, फक्त त्यांच्या मागे भिंत दिसायला हवी.