मे. टर्बोचार्जर बंधू यांस अनावृत पत्र

प्रति,
मे. टर्बोचार्जर बंधू (जुळे),
निसान ३०० झेडएक्स ट्विन टर्बो,
बोनेटखाली, इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक.

विषय : आपल्या सेवेतून सूट मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणारा, नोकरी करणारा, घराचे हप्ते भरणारा मराठी गृहस्थ असून, १९९० ते १९९६ या काळात अमेरिकेत विकली गेलेली आपली ३०० झेडएक्स ही गाडी जुनी का होईना, पण एकदा दारात उभी करावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ही गाडी दोन प्रकारांत मिळते. एकीत आपण बंधुद्वय विराजमान आहात, दुसरीत नाही. मी दुसरी घ्यायचं म्हणतो आहे. असं म्हणणाऱ्या माणसाला चारचौघांत काय काय ऐकून घ्यावं लागतं याची आपल्याला कल्पना असेलच. ते सगळं आपल्याच नावानं ऐकवलं जातं.

ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला गेलो तरी सुटका नाही. गाडी घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “टर्बो आहे ना?” विचारणारा स्वतः होंडा ओडिसी चालवत असतो आणि तिच्या मागच्या सीटच्या फटीत गेल्या दिवाळीचा चिवडा असतो. पण मी ‘नाही’ म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर अशी काही कणव उमटते, की मुलगा इंजिनिअरिंग सोडून आला हे सांगतानाही मला इतका संकोच वाटला नसता.

आपलं कर्तृत्व मोठं आहे, हे आधीच कबूल करतो. इंजिन दोन्हीकडे एकाच घराण्यातलं, तीन लिटरचं व्ही-६, चार कॅमशाफ्ट, चोवीस व्हॉल्व्ह. आपल्यावाचून ते २२२ अश्वशक्ती देतं. आपण आलात की मॅन्युअल गिअरच्या गाडीत तीच ३०० होते. हे वरचे अठ्ठ्याहत्तर घोडे आपण आणता कुठून, तर इंजिनानं टाकून दिलेल्या धुरातून. बाहेर चाललेल्या तप्त वायूवर आपली एक चक्री फिरते, त्याच दांड्यावरची दुसरी चक्री ताजी हवा दाबून आत ढकलते, आणि हे सगळं मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या गतीनं. धुराच्या वाटेवर बसून कमाई करणारे दुसरे कोणी माझ्या माहितीत नाहीत. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इंजिनाची वाया जाणारी ऊर्जा होती. आपल्यामागे पुढे इतके भाट जमतील असं त्याला वाटलं नसावं.

भाटांनीही कमाल केली. जानेवारी १९९० मध्ये सुपर बोलच्या सामन्यात आपली जाहिरात लागली, तीही रिडली स्कॉटनं दिग्दर्शित केलेली. एक माणूस स्वप्न सांगतो. तो टर्बो झेडमध्ये आहे, मागे मोटारसायकल लागते, मग रेसची गाडी, मग चक्क विमान. ते आता गाठणार इतक्यात आपण जागे होता. जाहिरात सुंदर होती, पण वेगाला उत्तेजन मिळतं अशी ओरड झाली आणि कंपनीनं ती पुन्हा दाखवली नाही. पैसे खर्चून बनवलेली जाहिरात एकदाच दाखवून कपाटात ठेवायची वेळ आपल्यामुळे आली, याचा आपल्याला अभिमान असणार. मला मात्र त्यातलं एकच कलम महत्त्वाचं वाटतं. तो माणूस झोपेत होता.

आपल्या घराण्याला मिरवायची खोड आधीपासूनच आहे. बीएमडब्ल्यूनं १९७३ मध्ये २००२ टर्बो काढली तेव्हा पुढच्या स्पॉयलरवर नाव उलट्या अक्षरांत रंगवलं होतं. पुढच्या गाडीवाल्यानं आरशात बघावं, त्याला ते सुलट दिसावं आणि त्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं, असा बेत. जर्मनीत त्यावरून गहजब झाला, त्यातच तेलाचं संकट आलं, आणि १६७२ गाड्यांवर प्रकरण आटोपलं. त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली होती. तिच्या टर्बोला इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजावं लागे. मालक ते भरायला विसरत. शेवटी कंपनीच टर्बो उतरवून साधा कार्बुरेटर बसवून देऊ लागली. हौसेनं घेतलेला टर्बो काढून घ्यायला माणसं रांगेत उभी राहतात, हा आपल्या कुळाचा इतिहास आहे. तो आपल्या माहितीपत्रकात छापलेला मला आढळला नाही.

आता आपल्या कामाच्या वेळेबद्दल. आपण पुण्याच्या जुन्या पेठेतल्या दुकानदारासारखे आहात. गिऱ्हाईक दारात उभं, पैसे हातात, आणि आपण गल्ल्यामागे पेपर वाचता. सिग्नल हिरवा झाला, पाय दाबला, पण इंजिनाचे फेरे पुरेसे चढल्याशिवाय आपलं शटर वर होत नाही. आणि झालं, की मग मागितलं त्याच्या दुप्पट माल एकदम अंगावर. आपण त्यातल्या त्यात बरे, हेही सांगितलं पाहिजे. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान असल्यानं आपण लवकर जागे होता आणि ३६०० फेऱ्यांना पुरा जोर देता. पण रूट वनवर दर फर्लांगाला एक सिग्नल. ३६०० ला पोचेपर्यंत पुढचा लाल झालेला असतो. रूट वन संपवून टर्नपाइकवर जावं, तर तिथे पाटी ६५ मैलांची. आपल्या गाडीला अडीचशे किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक लगाम होता म्हणतात. आमच्या राज्याच्या पोलिसांनी त्याची गरजच ठेवलेली नाही.

पण रागवू नका, माझी खरी तक्रार आपल्याबद्दल नाहीच. नवे होतात तेव्हा आपण उत्तमच होता. प्रश्न असा की गाडी तीस वर्षांची आहे. तीस वर्षांत ती चार-पाच हातांतून गेलेली असते, आणि त्यातला एक हात हटकून बावीस वर्षांच्या पोराचा असतो. साधी ३०० झेडएक्स त्या पोराच्या हाती सहसा लागत नाही, कारण त्याला ती नकोच असते. त्याला आपण हवे असता. तो आपल्याला घेतो आणि पहिल्याच महिन्यात बूस्ट, म्हणजे आपला हवा दाबण्याचा जोर, वाढवतो. मग मोठा एक्झॉस्ट टाकतो. गाडी जोरात पळवून आणली की दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून आपल्याला थंड होऊ द्यावं, नाहीतर बेअरिंगमधलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगितलं असलं तरी मैत्रीण बाहेर उभी असते. आपण पाण्यानंही थंड केले जाता म्हणून वाचलात इतकंच. पुढे त्याचं लग्न होतं, गाडी विकली जाते, आणि जाहिरातीत ओळ येते : ‘अतिशय जपून वापरलेली.’

म्हणून मी म्हणतो की जुनी टर्बो गाडी घेताना माणूस टर्बोचे पैसे देतो आणि घरी आणतो तो कोणातरी अनोळखी पोराचा उजवा पाय. नव्या गाडीला हा नियम लागू नाही. जुन्या गाडीत मात्र पहिला हिशेब हाच, अश्वशक्तीचा नंतर.

विक्रेत्यांची भाषाही आता पाठ झाली आहे. “सुरू करताना थोडा निळा धूर येतो, मग जातो.” जातो, म्हणजे तेल जातं. “टर्बो मागच्याच वर्षी नवे टाकलेत.” पावती? पावती मित्राच्या गॅरेजमध्ये राहिली. ही थाप किती मोठी आहे हे कळायला आपलं बोनेट एकदा उघडून पाहावं. आत इतकी दाटी आहे की खाली पडलेला नट जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यात दाबलेली हवा थंड करणारे दोन इंटरकूलर, त्यांचे पाइप आणि उन्हातान्हात वाळून कडक झालेल्या व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं. आपल्याला बदलायचं तर चांगला मेकॅनिक सरळ इंजिनच खाली उतरवतो. आपल्या किमतीपेक्षा आपल्यापर्यंत पोचण्याची मजुरी जास्त. एवढं काम खरंच केलेला माणूस पावती मित्राकडे ठेवत नाही, फ्रेम करून भिंतीवर लावतो.

आपल्यासोबत येणाऱ्या पाहुण्याचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत आपल्या गाडीबरोबर सुपर हायकॅस नावाची व्यवस्था सक्तीनं येते. वळणावर मागची चाकंही थोडी वळवणारी. कागदावर फार हुशार. आता तिच्या नळ्या गळतात आणि सुटे भाग मिळवताना दमछाक होते, म्हणून टर्बोचे मालक ती कायमची जाम करायचा एक वेगळा संच विकत घेतात. जास्त पैसे देऊन मागची चाकं वळणारी गाडी घ्यायची आणि आणखी पैसे देऊन ती वळणं बंद करायचं. साध्या गाडीत ही चाकं पहिल्यापासून सरळ आहेत, फुकटात.

साधी गाडी संत आहे असं मात्र कोणी समजू नये. टायमिंग बेल्ट तिलाही आहे. तो ६०,००० मैलांवर बदलावा लागतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुने इंजेक्टर तिलाही आहेत, आणि इथल्या पंपांवरच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी त्यांचं जमत नाही. बोनेटखाली तिथेही हात घालताना घड्याळ काढून ठेवावं लागतं. म्हणजे खर्च आहेच, फक्त आपल्या वाट्याचा तेवढा वजा. आणि २२२ हा आकडा आज कोणाला दिपवणारा नाही. चढावर, चार माणसं बसवली तर, ती धापा टाकत नाही इतकंच. (हो, चार. अमेरिकेत मागची सीट हवी असेल तर साधीच घ्यावी लागते. आपल्याबरोबर दोघांपुरतीच जागा मिळते. हा मुद्दा मी घरी फार कौशल्यानं वापरला आहे.)

पण पाय दाबला की त्याच क्षणी उत्तर येतं, आणि फेरे चढतील तसा जोर एका सरळ रेषेत चढत जातो. नाकावरचं वजन कमी असल्यानं ती वळणात हलकी वाटते. कम्प्रेशन १०.५ ला १, आपल्या गाडीत ते ८.५ ला १, कारण आपण दाबून भरलेली हवा जास्त कम्प्रेशनमध्ये अवेळी पेटते. थोडक्यात, आपल्या आगमनासाठी इंजिनाला आधी थोडं मंद करून ठेवावं लागतं. आपण झोपलेले असताना जी गाडी चालते ती तीच मंद केलेली गाडी असते, आणि एडिसनच्या रस्त्यांवर आपण बराच वेळ झोपलेले असणार.

इथे एका घातकी विचाराचा बंदोबस्त करतो. माझे काही मित्र म्हणतात, “आत्ता साधी घे रे, नंतर टर्बो बसवून घेऊ.” या एका वाक्यानं जितकी घरं बुडाली असतील तितकी सट्ट्यानं बुडाली नसतील. कम्प्रेशन वेगळं, म्हणजे पिस्टन वेगळे. इंजेक्टर वेगळे, संगणक वेगळा, एक्झॉस्ट वेगळा, इंटरकूलरला जागा हवी म्हणून पुढचा बंपरही वेगळा. एवढं सगळं गोळा करण्यापेक्षा आख्खी ट्विन टर्बो स्वस्त पडते, आणि शेवटी हाती येते ती कोणीच विकत न घेणारी गाडी. आपल्याला आणायचं तर कारखान्यातून निघालात तसे आणावं, नाहीतर नमस्कार करून सोडावं.

आपल्या बाजूनं एकच बिनतोड मुद्दा आहे तो भावाचा. विकायला काढली की आपली गाडी जास्त पैसे देते आणि तिला गिऱ्हाईक लवकर मिळतं. पण मला गाडी विकायची नाही, चालवायची आहे. पुण्याचा मेहुणा म्हणतो, परत याल तेव्हा इकडेच आणा. त्याला सांगून झालं आहे की तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही, आणि हिचं स्टिअरिंगही डावीकडे आहे. तोच मेहुणा टर्बोच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त हिणवतो. परवा मी त्याला म्हटलं, तुझ्या पेट्रोल नेक्सॉनलाही टर्बोच आहे. सव्वा लिटरसुद्धा नसलेलं इंजिन गाडी ओढतं ते त्याच्याच जोरावर. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “असेल, पण मागे लिहिलेलं नाही ना.”

तरी आपल्या चरणी एक अपवाद ठेवतो. एकच मालक, बूस्टला हात न लावलेला, तेल बदलल्याच्या सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या, आणि चारही चाकं अजून स्वतःहून वळणारी अशी ट्विन टर्बो कोणी दाखवली, तर हा अर्ज रद्द समजावा आणि मला लगेच फोन करावा. तोवर आपल्या सेवेतून मला सूट द्यावी ही विनंती.

कळावे.

आपला नम्र,
२२२ वर भागवणारा

ता. क. : शनिवारी ट्रेंटनजवळ एक साधी गाडी बघायला जातो आहे. मालक निवृत्त शिक्षक आहेत. टायमिंग बेल्टची पावती त्यांनी न मागता पाठवली.