आटे

पुण्यातल्या बोहरी आळीतून तापकीर गल्लीत जायला असा किती वेळ लागणार? पहिलीत हातात घेतलेला चहा दुसरीत पोचेपर्यंत फार तर कोमट होतो. रविवार पेठेतली आळी बिजागऱ्यांची, कडीकोयंड्यांची, कानशी-पक्कडींची, किलोवर मिळणाऱ्या खिळ्यांची. बुधवार पेठेतली गल्ली वायरींची, स्पीकरची, पोट उघडं टाकून बसलेल्या कॉम्प्युटरची. धंदा कसला म्हणून विचारलंत तर दोन्हीकडे उत्तर एकच मिळतं: हार्डवेअर. तरीही आजवर कुणी बोहरी आळीत रॅम मागितल्याचं किंवा तापकीर गल्लीत पाव किलो चुका मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकाच नावाची दोन माणसं एका गावात वर्षानुवर्षं राहावीत, त्यांची पत्रंसुद्धा कधी चुकू नयेत, आणि मग कुणाच्या तरी लग्नात कळावं की हे लांबचे का होईना, भाऊच लागतात, तसं या दोघांचं आहे असा माझा जुना संशय. पुरावा म्हणाल तर तो बोटाच्या पेरावर मावेल एवढा आहे. स्क्रू.

हार्डवेअरच्या दुकानात जाणं हा नम्र होण्याचा एक विधी आहे. बाकी कुठल्याही दुकानात गिऱ्हाइकाला काय हवं ते तोंडाने सांगता येतं. इथे ते फक्त हातांना ठाऊक असतं. "ते असं असतं बघा, आणि त्याच्या मागे असं," म्हणत भलाभला प्राध्यापक हवेत दोन बोटं फिरवू लागतो आणि त्याची सगळी शब्दसंपदा बघता बघता कथकलीवर येऊन ठेपते. गल्ल्यामागचे शेठ हे नृत्य शांतपणे पाहतात. खिशातून मोडका नमुना काढून दिलात तर तो ते मोजत बसत नाहीत, तळहातावर एकदा झेलतात, अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवतात आणि मागे न बघता पोऱ्याला सांगतात, "आठ नंबर, पावणेदोन." आठ नंबर ही जाडी, पावणेदोन इंच ही लांबी. सरकारने १९५६ साली कायदा करून देशाला मेट्रिक मापं दिली. शेर गेला, मण गेला, कोस तर म्हणींपुरता उरला. पण इंच आणि त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे सूत, यांना त्या कायद्याची नोटीस बहुधा मिळालीच नाही. सुतार अजूनही "एक सूत कमी घ्या" म्हणतो, आणि प्लायवूड मागतो ते आठ बाय चार फुटी, पण एकोणीस मिलिमीटरचं. लांबी-रुंदीला इंग्रज, जाडीला फ्रेंच. या दोघांचा इतका सलोखा युरोपातही क्वचितच झाला असेल.

कॉम्प्युटरच्या डब्यात तरी सगळं नव्या जगाचं असेल अशी माझी समजूत होती. तापकीर गल्लीतल्या एका पोरसवदा कारागिराने, "काका, जरा सरका, उजेड येऊ द्या," म्हणत एका जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि निघालेले स्क्रू दोन वेगवेगळ्या झाकणांत टाकले. दिसायला सगळे सारखेच. मी विचारलं तेव्हा त्याने मान वर न करता सांगितलं, "हे मोठ्या आट्यांचे, हार्ड डिस्कचे. हे बारीक आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे. अदलाबदल केली की दोन फेरे गोडीत जातात आणि मग अडतात." बारीक आट्यांचा तो मेट्रिक, तीन मिलिमीटरचा. मोठ्या आट्यांचा मात्र पक्का इंची. त्याचं नावच सहा-बत्तीस: बत्तीस म्हणजे इंचाला बत्तीस आटे आणि सहा हा जाडीचा नंबर. आता हा सहा कुठला? तर तोच, सुताराचा. लाकडात जाणाऱ्या सहा नंबरी स्क्रूची जाडी इंचाच्या १३८ सहस्रांश, आणि हार्ड डिस्कला धरून ठेवणाऱ्याचीही तेवढीच. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा अर्धवट प्रबंध, कुणाची दहा वर्षांची हिशेबाची वही पोटात घेऊन गरगरणारी ती साडेतीन इंची डबी शेवटी कपाटाच्या बिजागरीच्या चुलतभावाने पकडून ठेवलेली असते. हे कळल्यावर मला उगाचच फार बरं वाटलं.

नातं तसं याहूनही जुनं आहे. १८२०च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आकड्यांची कोष्टकं न चुकता तयार करणारं यंत्र बांधायला घेतलं. डोकं त्याचं, हात जोसेफ क्लेमेंट या कारागिराचे. सुटे भाग लागणार होते सुमारे २५,०००, आणि तेही एकासारखा एक. तोवरची रीत अशी होती की नट आणि बोल्ट जोडीनेच जन्माला यायचे. ह्या बोल्टला हाच नट, दुसऱ्याचा चालायचा नाही, आणि जोडी फुटली की दोघंही भंगारात. सात जन्मांची ही कल्पना आपल्या पुराणिकांना आवडली असती. फिटरला ती परवडत नाही. आटे एका मापाचे असावेत याचा क्लेमेंटला ध्यास होता, आणि त्याच्या कारखान्यात जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक तरुण कामाला होता. पुढे बॅबेज आणि क्लेमेंटचं बिनसलं, पैशांवरून आणि कारखाना कुठे हलवायचा यावरून. १८३३ मध्ये काम थांबलं. सरकारचे १७,०००हून जास्त पौंड खर्ची पडले होते आणि यंत्र काही उभं राहिलं नव्हतं. तयार झालेले बहुतेक भाग नंतर भट्टीत वितळले. शिवाय त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या पैशाने बनवलेली हत्यारंही कारागिराचीच; ती क्लेमेंटकडेच राहिली. ज्यांनी घरी फर्निचर करवून घेतलं आहे त्यांना यात नवल वाटण्यासारखं काही सापडणार नाही.

व्हिटवर्थने मात्र मँचेस्टरला जाऊन स्वतःचा कारखाना काढला. इंग्लंडभरच्या कारखान्यांतून स्क्रूचे नमुने गोळा केले, सगळ्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली मांडलं, की आट्याचा कोन ५५ अंश असावा आणि इंचाला किती आटे हे जाडीवरून ठरावं. कुणालाही चूक न ठरवता, सगळ्यांचं थोडं थोडं ऐकून एवढं मोठं भांडण मिटवल्याचं उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही. त्याचे इंची आटे इंग्रजी यंत्रांबरोबर आपल्याकडे आले. बॅबेजचं नंतरचं, सुधारलेलं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्याच नकाशांवरून बांधलं आणि त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीला, १९९१ साली, त्यातला आकडेमोडीचा भाग चालवून दाखवला: सुमारे ४,००० सुटे भाग, आणि गणित बरोबर. त्याच वर्षी इकडे पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. स्क्रू दोघांनाही लागले असणारच, पण उद्घाटनाच्या भाषणात स्क्रूचे आभार मानायची पद्धत अजून पडलेली नाही.

हार्डवेअर म्हणवून घेणारे आणखीही आहेत. सैन्याचे रणगाडे, तोफा. आणि महागड्या पर्सच्या कड्या-बकलंसुद्धा. त्यांच्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. पहिल्यांची भीती वाटते, दुसऱ्यांच्या किमतीची. एक हार्डवेअर मात्र आमच्या घरातच आहे, आणि ते काकूच्या मांडीत आहे.

नाना, म्हणजे माझे काका, भोसरीला लेथवर आटे पाडण्यात उमेद घालवून निवृत्त झाले. काकू न्हाणीघरात घसरली, खुब्याजवळ हाड मोडलं, आणि डॉक्टर म्हणाले, पट्टी आणि स्क्रू घालून बसवावं लागेल. अशा वेळी नातेवाईक जे विचारतात त्यातलं नानांनी काहीच विचारलं नाही. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एवढंच विचारलं, "मटेरियल कुठलं?"

"स्टेनलेस स्टील. तीनशे सोळा एल."

नानांचा चेहरा उजळला. वैद्यकशास्त्रावर त्यांचा विश्वास बसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "तीनशे सोळा खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही," बाहेर बाकड्यावर बसून ते मला सांगत होते, पुन्हा पुन्हा, आणि सांगताना त्यांचा हात कापत होता. ऑपरेशनला ड्रिल, हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर लागतो हे समजल्यावर तर ते डॉक्टरांना मिस्त्री म्हणून हाक मारतील की काय, अशी आम्हाला धास्ती होती. मग एक्स-रे आला. नानांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. आम्हाला त्यात काकू दिसत होती, त्यांना आटे. "साडेचार एमएम," ते म्हणाले. "दीड सुताला जरा कमी. पण पिच बघ. एकही आटा इकडचा तिकडे नाही."

आता पावसाळी हवेत काकूचा पाय ठणकतो. ती "दुखतंय" म्हणाली की नाना पेपर बाजूला ठेवून गंभीरपणे विचारतात, "कितव्या स्क्रूला?" सुरुवातीला ती चिडायची. हल्ली डोळे मिटते, जरा अंदाज घेते आणि सांगते, "वरून तिसऱ्या." नाना मान डोलावतात आणि तेल कोमट करायला उठतात. लेथवर जन्म गेलेल्या माणसाला तेल किती घ्यायचं ते सांगावं लागत नाही.

अलीकडे त्यांनी न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी बसवली. चार स्क्रू पुरले असते तिथे सहा मारले. स्क्रू घेताना घासाघीस केली नाही, ही आमच्या घराण्यात नोंद करून ठेवण्यासारखी घटना. बसवून झाल्यावर दांडी पेलते का ते बघायला दोन्ही हातांनी ती धरली आणि गुडघे दुमडून सगळं अंग तिच्यावर टाकलं. दाराशी वॉकर धरून उभी असलेली काकू हे बघत होती.

"अहो, सोडा आधी ती दांडी," ती म्हणाली. "पडलात तर तुमच्यासाठी तीनशे सोळा एल मी कुठून पारखून आणू? मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचंय काय त्यात," नाना तसेच लोंबत म्हणाले, "शिक्का बघून घ्यायचा."