वस्त्रगाळ अण्णा

अण्णांची सगळी नोकरी पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेली. तुरटी घालायची, गाळ खाली बसवायचा, पाणी वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचा आणि शहराच्या घशाखाली एक कण जाऊ द्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीतही ते पाण्याचा पेला उजेडात धरून बघितल्याशिवाय घोट घेत नसत. तोच माणूस निवृत्तीनंतर रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाणी गढूळ करतो.

निमित्त झालं क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या दोन कोळंब्यांचं. दुकानदार त्यांना बांबू श्रिम्प म्हणतो. अण्णा ‘ॲटिऑप्सिस मोलुकेन्सिस’ असं पूर्ण नाव घेतात. मूळ गाव आग्नेय आशिया, राहणं वाहत्या ओढ्यात, लांबी आठ-दहा सेंटिमीटर, स्वभाव गरीब. हे सगळं ऐकून घेऊन एखादा पाहुणा ‘किलोला काय भाव?’ असं विचारतोच. त्याला अण्णा चहा विचारत नाहीत.

या कोळंबीला नांगी नसते. पुढच्या चार पायांच्या टोकांना बारीक केसांचे पंखे असतात. पंपाचा झोत जिथे जोरात लागतो त्या लाकडावर ती चढून बसते, प्रवाहाकडे तोंड करते आणि चारही पंखे उघडते. वाहत आलेलं त्यात अडकतं. मग एक पंखा मिटून तोंडात, तो पुसून पुन्हा उघडा, की दुसरा आत. श्रीखंडाची बोटं एकेक करून चाटावीत तसं हे चालतं. अण्णा खुर्ची ओढून बसतात आणि मधूनच “आता डावा” असं पुटपुटतात.

घोटाळा असा, की पाणी जितकं नितळ तितकी ही उपाशी. सुरुवातीला अण्णांनी सवयीने टाकी आरशासारखी लख्ख ठेवली. कोळंब्या खाली उतरल्या आणि पंख्यांनी वाळू झाडू लागल्या. “बघा, किती स्वच्छतेची आवड!” अण्णा सोसायटीभर सांगत सुटले. पुढे कळलं, की ती आवड नव्हती, उपासमार होती. प्रवाहात काही मिळेना, म्हणून बिचाऱ्या तळ खरवडत होत्या. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकूंचा वेलदोडे कुटायचा खल गेला. स्पिरुलिना त्यात घोटायचं, जुन्या धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायचं, चिमूटभर पाण्यात कालवायचं आणि सुई काढलेल्या सिरिंजने पंपाच्या तोंडाशी सोडायचं. जास्त पडलं तर पाणी नासतं, कमी पडलं तर पुन्हा वाळू. रोजची मात्रा वहीत, तारीखवार. नातवंडांच्या वाढदिवसांची नोंद त्या वहीत नाही.

तांबं या प्राण्याला विष. माशांच्या काही औषधांत ते असतं, म्हणून औषधाची प्रत्येक बाटली अण्णा भिंग लावून वाचतात. इथपर्यंत ठीक होतं. पण वर्षानुवर्षं तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन प्रकृती राखल्याचं जगाला सांगणाऱ्या या गृहस्थाने घरातला हंडाच माळ्यावर टाकला. भरायचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत, तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं, क्लोरीन उडून जावा म्हणून. ज्या क्लोरीनने त्यांना पेन्शन दिली, तो आता दाराबाहेर उभा!

वीज गेली की इन्व्हर्टरवर पंप चालतो, माणसांचे पंखे नाही. इन्व्हर्टरही बसला त्या संध्याकाळी अण्णा आमटीच्या डावाने टाकी ढवळत उभे होते. काकू म्हणाल्या, “फोडणी द्यायची राहिली.”

एकदा सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. “मोठी गेली.” मी धावलो. टाकीच्या तळाशी पंख्यांसकट अख्खी कोळंबी आडवी, पण आरपार दिसत होती. ती कात होती. मालकीण लाकडाच्या मागे दडून बसली होती, कारण नवं कवच कडक होईपर्यंत हा प्राणी कुणाला तोंड दाखवत नाही. अण्णांनी तोवर दोघांना कळवलं होतं.

आता त्यांना पिल्लं हवी आहेत. मोठ्या कोळंब्या गोड्या पाण्यातल्या, पण अंड्यातून निघालेली पिल्लं वाहत खाऱ्या पाण्याकडे जातात आणि थोडी वाढल्यावरच परततात. त्यामुळे घरच्या टाकीत वंश चालत नाही आणि बाजारातल्या बहुतेक सगळ्या नदी-ओढ्यांतून पकडलेल्याच असतात. यावर अण्णांनी न्हाणीघरात खाऱ्या पाण्याच्या बादल्या मांडायचा प्रस्ताव ठेवला. काकूंनी तो फेटाळला. घरात एक तरी सुज्ञ माणूस आहे.

रविवारी कोळंबीचं कालवण अजूनही होतं आणि अण्णा दोन वाट्या खातात. टाकीकडे पाठ करून.

तुम्हाला पाळायचीच असेल, तर काही महिने मुरलेली टाकी हवी, पाण्याला ओढ हवी आणि तांब्याचं औषध अजिबात नको. एवढं पुरे. अण्णांचा सल्ला घ्यायला जाऊ नका. गेलातच, तर जेवून जा.